कर्म आमचें, फळ कोणाचें?

(वारंगा फाटा, तालुका कळमनुरी, येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकींत आम्हीं केलेलें भाषण. ज्यांना त्या रात्रीं येतां आलें नाहीं त्यांनीं मागणी केल्यावरून तें येथें देत आहोंत.)



सोयाबीन घरांत आलें. हरभऱ्याची पेरणी उरकत आली. हळदीला पाणी द्यायची वीज रात्रींच येते, त्यामुळें निम्मी मंडळी दहाच्या सुमारास मोटर लावायला उठून जाणार, हें आम्हांला ठाऊक आहे. तेव्हां नमनाला घडाभर तेल न जाळतां विषयाला हात घालतों.

विषय असा कीं, कर्म करावें आणि फळाची आशा धरूं नये, असें जें आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत आलें आहे, तें खरें काय? खरें असेल तर कोणासाठीं? आणि सांगणारानें तें स्वतः किती पाळलें?

मागें एका गांवीं आम्ही सप्ताहाला बसलों होतों. गांवाचें नांव सांगत नाहीं, बुवांचेंही सांगत नाहीं. त्या साली सोयाबीनचा भाव पडलेला होता आणि समोर बसलेल्या प्रत्येक घरांत तीच चिंता होती. बुवा रंगांत आले आणि म्हणाले, शेतकरी राजा, भावासाठीं रडूं नकोस. भगवंतानें गीतेंत सांगून ठेवलें आहे कीं तुझा अधिकार कष्टावर, फळ देणारा तो. माना डोलल्या. टाळ वाजले. कीर्तन संपलें, आरती झाली. पण बुवा कांहीं गाडींत बसेनात. चौकशी केल्यावर कळलें कीं ठरलेल्या बिदागींत दोन हजार कमी होते. भगवंतावर भरंवसा ठेवून बुवा निघून गेले असते तर आज आम्हांला हें भाषण करण्याचें कारण पडलें नसतें.

हंसूं नका. बुवांनाही पोट आहे, आणि ठरलेले पैसे मागण्यांत त्यांचें कांहीं चुकलें नाहीं. चुकलें तें इतकेंच कीं, जो हक्क त्यांनीं स्वतःसाठीं ठेवला तो तुमच्यासाठीं ठेवला नाहीं.

आतां गीतेंत खरोखर काय आहे तें पाहूं. दुसऱ्या अध्यायांतला ४७ वा श्लोक हा. त्याचे चार तुकडे आहेत. पहिला: तुझा अधिकार कर्मावर. दुसरा: फळावर तो नाहीं. तिसरा: फळ मिळावें एवढ्याच हेतूनें काम करूं नकोस. येथपर्यंत सर्व बुवा सांगतात. चौथा तुकडा असा आहे कीं, काम न करण्याचीही गोडी लावून घेऊं नकोस. हा चौथा तुकडा आम्हीं फारच थोड्या कीर्तनांत ऐकला आहे. कां? तर तो नांगर धरणाराला लागूच पडत नाहीं. काम न करण्याची गोडी त्याला लागणार कशी? ती लागते दुसऱ्याच्या कष्टावर बसून खाणाराला, आणि कीर्तनांत तो पुढच्या सतरंजीवर बसलेला असतो.

पुढें तिसऱ्या अध्यायांत तर स्पष्टच म्हटलें आहे कीं जो मिळालेलें परत न देतां एकटाच उपभोगतो तो चोर होय, आणि जो केवळ स्वतःसाठीं रांधतो तो पाप खातो. ग्रंथांतली ही वाक्यें घेऊन कोणी सावकाराच्या ओट्यावर प्रवचनाला बसल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

पण आम्हांला ग्रंथाची वकिली करायची नाहीं. त्याच ग्रंथांत असेंही आहे कीं आपला धर्म उणा असला तरी तोच बरा, दुसऱ्याचा घेऊं नये. या वाक्याच्या जोरावर कुंभाराच्या पोरानें चाक सोडूं नये, मांगाच्या पोरानें दोर सोडूं नये, असें शेंकडों वर्षें सांगण्यांत आलें. तें आम्हांला मान्य नाहीं, आणि जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापला त्याच्या मुळाशीं हें नामंजूर करणेंच होतें. ग्रंथ जुना आहे, त्यावर पंडितांचीं भांडणेंही जुनीं आहेत. शंकराचार्यांनीं कर्माला चित्त शुद्ध करण्याची पायरी म्हटलें आणि शेवटीं संन्यास वर ठेवला. ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं नेवाशाला तीच गीता मराठींत आणली आणि आपल्या वाट्याचें काम हीच देवाची पूजा असें समजावलें. टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेला गीतारहस्य हा ग्रंथ १९१५ सालीं बाहेर पडला. त्यांत कर्म संन्यासाहून श्रेष्ठ ठरवलें. ज्याला सवड असेल त्यानें हें सर्व वाचावें. आम्हांला मात्र असें वाटतें कीं या प्रश्नाचें उत्तर ज्यांच्या हाताला घट्टे पडले होते त्यांना विचारावें, आणि त्यासाठीं लांब जावें लागत नाहीं. हा फाटाच पुरे.

या फाट्यावरून एक रस्ता कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, आणि हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या कांठीं नरसी आहे. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून तुम्ही तेथें जातां. दुसरा रस्ता नांदेडला जातो. तेथें १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं देह ठेवण्यापूर्वीं सांगितलें कीं यापुढें कोणी माणूस गुरु नाहीं, ग्रंथ हाच गुरु. त्या ग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. म्हणजे पाहा, एका रस्त्याच्या टोंकाला शिंप्याच्या घरीं जन्मलेला मुलगा, आणि दुसऱ्या रस्त्याच्या टोंकाला त्याच शिंप्याचे शब्द उंच आसनावर, त्यांवर चवरी ढाळली जाते, आणि लष्करांतले धिप्पाड जवान त्यांपुढें डोकें टेकतात. मधल्या फाट्यावर आपण बसलों आहोंत आणि आपल्याला त्याची खबर नसते. औंढ्याला या नामदेवांना देवळाच्या पुढून हांकललें, आणि ते मागें जाऊन बसले तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें, ही कथा तुम्हीं लहानपणापासून ऐकली आहे. देवळापुढून हांकलल्याची तक्रार नामदेवांच्या पदांत त्या ग्रंथांतही आहे. नागनाथाचें देऊळ खरोखर फिरलें कीं नाहीं यावर आम्ही वाद घालत नाहीं. हांकललें मात्र खरें, असें वाटतें.

तर त्या ग्रंथांत कबीरांच्या दोह्यांमध्यें एक बोलणें आलें आहे. त्रिलोचन नांवाचे एक भक्त नामदेवांना विचारतात: तूं कापडावर छपाई करीत बसतोस, मायेनें तुला भुलवलें काय? देवाकडे मन कां लावीत नाहींस? नामदेवांचें उत्तर असें कीं, तोंडानें नांव घ्यावें, हातापायांनीं सगळीं कामें करावींत, आणि चित्त त्याच्यापाशीं असावें. एवढेंच. काम सोडून देव शोधायला जा, असें तो शिंपी म्हणत नाहीं. त्याच्या दुसऱ्या एका पदांत गज, कातर, सुई हींच भक्तीचीं हत्यारें झालीं आहेत.

आणखी एक पद आहे, तें आम्हांला सर्वांत प्रिय. पोरगा पतंग उडवतो, सोबत्यांशीं गप्पा मारतो, पण त्याचें ध्यान दोरींत असतें. बाया पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन हंसत-खिदळत येतात, पण ध्यान घागरींत. गाय लांब रानांत चरते, तिचें ध्यान दावणीच्या वासरांत. आई घरांत दहा कामें करते, ध्यान पाळण्यांत. हें ज्याला सुचलें त्यानें घागर पाहिली होती, पाळणा पाहिला होता. काम आणि मन यांचा मेळ कसा घालावा यावर इतकें स्वच्छ आम्हीं दुसरीकडे कोठें ऐकलें नाहीं.

नामदेव पहिल्यापासून असे होते काय? नव्हते, आणि हें लपवूं नये. त्यांची बायको राजाई, आई गोणाई, यांच्या नांवानें जे अभंग आहेत त्यांत सरळ तक्रार आहे: हा माणूस देवापाशीं जाऊन बसतो, घरांत दाणा नाहीं, लुगडें नाहीं. बायकोची ही बाजू परंपरेनें जपून ठेवली याबद्दल परंपरेला शाबासकी दिली पाहिजे. कारण एकाचा निःस्वार्थ पुष्कळ वेळां घरांतल्या दुसऱ्याच्या पोटावर उभा असतो. तेरच्या गोरोबांनीं भजनाच्या नादांत स्वतःचें लेकरू चिखलांत तुडवलें, अशी कथा सांगतात. देवानें लेंकरू परत दिलें असा तिचा शेवट आहे. आम्हांला ही कथा कधीं गोड वाटली नाहीं. पतंगाची दोरी ज्याच्या ध्यानांत राहते तो लेंकराला तुडवीत नाहीं. त्याच गोरोबांनीं थापटणें घेऊन संतांचीं डोकीं तपासलीं आणि नामदेवांना कच्चें मडकें ठरवलें, ती गोष्ट मात्र कामाची आहे. मग नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि भाजून निघाले.

जनाबाईचें काय? गंगाखेडची पोर, नामदेवांच्या घरची दासी. तिच्या अभंगांत देव जात्यावर दळायला येतो, शेण्या वेंचायला येतो. पंडित म्हणतात, काय भक्ती! आम्हीही म्हणतों. पण दळायला देवाला यावें लागलें, कारण घरांतलें दुसरें कोणी आलें नाहीं, हेंही त्यांतून दिसतें. आज येथें ज्या बाया बसल्या आहेत त्या फाल्गुनापर्यंत हळद काढतील, गड्डे आणि हळकुंडें वेगळीं करतील, शिजवतील, वाळवतील. नऊ महिन्यांचें पीक; साधारण पांच क्विंटल ओल्या हळदीची वाळून एक क्विंटल होते. पावती मात्र घरधन्याच्या नांवानें. त्या घरीं जाऊन कोणी फळाची आशा धरूं नये म्हणून सांगायला लागला, तर त्या बाई म्हणतील, दादा, आशा धरायला फळ आमच्या हाताला लागलं कवा?

येथेंच आमचें मुख्य म्हणणें येतें. ज्याच्या हातांत फळ आहे त्यानेंच तें सोडावें. ज्याच्या हातांतून तें आधींच काढून घेतलें आहे त्याला फळाचा त्याग शिकवणें म्हणजे उपाशी माणसाला एकादशी सांगणें होय.

हें आम्हीं आज शोधून काढलें असें नाहीं. नांदेडहून दक्षिणेला बिदर जिल्ह्यांत कल्याण आहे, पूर्वी तेंही आपल्यासारखेंच निजामाच्या राज्यांत होतें. तेथें बाराव्या शतकांत बसवेश्वरांनीं दोन शब्द दिले. एक कायक, दुसरा दासोह. आपल्या भागांतल्या लिंगायत घरांतून हे शब्द अजून ऐकूं येतात. कायक म्हणजे अंगमेहनतीचें, सचोटीचें काम, तेंच पूजा. दासोह म्हणजे त्या कामाचें जें आलें त्यांतलें घरापुरतें ठेवून उरलेलें समाजाच्या पंगतींत घालणें. यांत कोठेंही असें नाहीं कीं कामाचा मोबदला घेऊं नये. मोबदला घ्यावा, तो खरा घ्यावा, आणि मग वाटावा. आधीं हातांत आलें पाहिजे तेव्हां वाटतां येतें, एवढा साधा व्यवहार त्या लोकांनीं ओळखला होता. त्यांच्या सभेंत परीट होते, चांभार होते, दोर वळणारे होते, आणि बाया होत्या.

त्यांतलें एक जोडपें मारय्या आणि लक्कम्मा. सांडलेले तांदूळ वेंचायचे आणि त्यांतून घर चालवून जंगमांना जेवूं घालायचें, हें मारय्याचें कायक. एके दिवशीं त्यानें नेहमींपेक्षां जास्त तांदूळ आणले. लक्कम्मानें भांडें पाहिलें आणि विचारलें, हे इतके कशाला? आपल्या रोजच्या गरजेहून हे जास्त आहेत, ही हांव आली कोठून? जा, जेथून आणले तेथें टाकून या. आणि त्याला परत पाठवलें. मंडळी, त्याग हा असा असतो. मूठभर तांदूळ घरांत आले होते, ते ठेवण्याची मुभा होती, कोणी विचारणारें नव्हतें. बाईनें आपण होऊन सोडले. तिला कोणी प्रवचन दिलें नव्हतें. उलट तिनेंच नवऱ्याला दिलें.

लंगराचेंही तेंच. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांत तुमच्यापैकीं पुष्कळजण जेवून आले असतील. तेथें तुमची जात विचारीत नाहींत, खिसाही विचारीत नाहींत. पोळ्या लाटणारांत लाखांचे धनी असतात. त्यांची शिकवण तीन गोष्टींची: मेहनतीचें खा, नांव घ्या, वाटून खा. पहिली गोष्ट मेहनतीची आहे हें ध्यानांत ठेवा. जो कमावतो तोच वाटतो.

आणि येथें फाट्यावर आमच्या मागें खिचडीचीं हॉटेलें आहेत. नागपूर-नांदेड जाणाऱ्या गाड्या खिचडीसाठीं येथें थांबतात. ती फुकट मिळत नाहीं, पैसे मोजावे लागतात. कोणी म्हणेल, बघा, तिकडे लंगर आणि इकडे धंदा! आम्ही असें म्हणणार नाहीं. पहाटे चारला उठून चुलीपुढें घाम गाळणारा माणूस जर ताजें रांधतो, माप मारीत नाहीं, ड्रायव्हरला आणि मोटारवाल्याला एकाच चमच्यानें वाढतो, तर तेंही कायकच आहे. निःस्वार्थ म्हणजे फुकट, ही समजूत काढून टाका. फुकट देणारा पुष्कळ वेळां मत मागायला येतो.

तिसरा रस्ता उमरखेडकडून वऱ्हाडांत उतरतो. मधें पैनगंगा. १९४७ सालापर्यंत अलीकडे निजाम आणि पलीकडे इंग्रज. त्या दिवसांत भगवीं वस्त्रें घेतलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३८ सालीं सत्याग्रहांत उतरले आणि तुरुंगांत गेले. संन्यास घेतला म्हणजे लोकांच्या कामांतून सुटलों असें त्यांनीं मानलें नाहीं. पण आम्हांला या रस्त्यानें आणखी पुढें, अमरावती जिल्ह्यांत जायचें आहे.

तेथें शेणगांवीं १८७६ सालीं एका परटाच्या घरीं डेबूजी जन्मला. मामाकडे राबला, सावकारानें मामाची जमीन कशी गिळली तें डोळ्यांनीं पाहिलें. १९०५ सालीं घर सोडलें तो गाडगेबाबा झाला. अंगावर चिंध्या, हातांत खराटा, डोक्यावर गाडग्याचें खापर. गांवांत शिरायचें, आधीं गांव झाडायचें, मग भाकरी मागायची. क्रम पाहा. आधीं झाडणें, मग भाकरी. झाडल्याबद्दल भाकरीवर त्यांचा हक्क होता आणि तो ते सोडीत नसत. फक्त भाकरीपलीकडे कांहीं घेत नसत. पायां पडूं देत नसत. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथें लाखों रुपयांच्या धर्मशाळा त्यांनीं लोकांच्या पैशानें उभ्या केल्या, पण घरच्या माणसांना त्यांत राहूं दिलें नाहीं. पंढरपुरास जात, पण देवळांत न शिरतां वाळवंट झाडीत. तेथेंच चोखामेळ्याच्या नांवानें धर्मशाळा बांधली आणि पुढें ती बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. २० डिसेंबर १९५६ रोजीं ते गेले. आंबेडकरांना जाऊन तेव्हां पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते.

आतां या माणसानें फळाची आशा धरली होती कीं नव्हती? आम्हांला विचाराल तर धरली होती. पोरें शाळेंत जावीं, कर्ज काढून लग्न-तेरावें करूं नये, देवापुढें कोंबडें-बकरें कापूं नये, अस्पृश्यता जावी, हें फळ त्यांना पाहिजे होतें आणि त्यासाठीं ते रात्र रात्र घसा फोडीत. फक्त तें फळ त्यांच्या स्वतःच्या पदरांत पडायचें नव्हतें. हल्लीं पुढारी मंडळी खराटा हातांत घेतात, पण आधीं फोटोवाला आला कीं नाहीं तें पाहतात.

सावित्रीबाई फुल्यांचें तसेंच. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला. मुलगा यशवंत डॉक्टर. त्यानें हडपसरकडच्या माळावर दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यांतलें एक पोर आजारी पडलें, त्याला बाईंनीं पाठीशीं घेऊन दवाखान्यांत आणलें. पोर जगलें. बाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. वय सहासष्ट. त्यांनीं कोणत्या अध्यायाचा कोणता श्लोक मनांत धरला होता, हें कोणी विचारीत नाहीं.

आतां जरा जड गोष्ट बोलायची आहे. येथें बसलेल्यांपैकीं कांहीं घरें अशीं आहेत कीं जेथें पीक बुडालें आणि त्याबरोबर घरांतल्या कर्त्या माणसानेंही जीव दिला. त्या घरांचीं नांवें घेत नाहीं, तुम्हांला ठाऊक आहेत. सरकारचें धोरण, सावकार, बँक, बियाणें, पाऊस, यांवर आम्हीं या पानांत पुष्कळ लिहिलें आहे आणि लिहूं. पण आज विषय निराळा आहे म्हणून विचारतों, त्या माणसाच्या मनांत शेवटीं काय असेल? आम्हांला वाटतें, तो म्हणाला असेल, मीच नापास झालों. पाऊस पडला नाहीं तें त्यानें आपल्या माथीं घेतलें, आणि बाजार पडला तेंही घेतलें. सोयऱ्याधायऱ्यांत तोंड दाखवायला जागा नाहीं असें त्याला वाटलें.

अशा माणसाला मात्र, मंडळी, फळांत जीव अडकवूं नकोस हें कोणीतरी सांगायला पाहिजे होतें. बुवांनीं सांगितलें तसें नव्हे. बुवांचें म्हणणें, भाव मागूं नकोस. आमचें म्हणणें, भाव माग, वजन तपास, ओलाव्याच्या नांवानें किती कापलें तें विचार, पावती घे, हमीभावाखालीं घेतात तर चारचौघांना घेऊन बाजार समितीच्या दारांत बस. हा हक्क आहे, आणि हक्क सोडणें म्हणजे त्याग नव्हे, तो भेकडपणा होय. तुम्ही सोडलेलें फळ देवाच्या पायाशीं जात नाहीं, आडत्याच्या गोदामांत जातें. पण एवढें सर्व करूनही पीक बुडालें, तर तें पीक बुडालें. तुम्ही बुडालां नाहींत. तुम्हीं पेरलें, निंदलें, राखलें. तें काम खरें झालें. आभाळ तुमच्या हातांत नव्हतें. फळावरचा हक्क ही एक गोष्ट आणि फळाला जीव टांगणें ही दुसरी. या दोहोंची गल्लत करून आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पहिली गोष्ट सोडायला शिकवलें, आणि दुसरी तशीच गळ्यांत राहूं दिली. पाहिजे होतें नेमकें उलटें.

नामदेवांच्या पदांतली ती बाई आठवा. घागर डोक्यावर आहे, ध्यान घागरींत आहे, घागर सांडूं नये असेंच तिला वाटतें. पण ठेंच लागून सांडली तर ती विहिरींत उडी घेत नाहीं. कपाळावर हात मारते, सोबतिणी हंसतात, एखादी आपल्या घागरींतलें ओंजळभर देते, आणि ती पुन्हां पाण्याला जाते. त्या सोबतिणी महत्त्वाच्या. एकटीनें पाण्याला जाणाऱ्या बाईला ओंजळ कोण देणार? ज्या घरांत माणूस गेला त्या घरीं आदल्या महिन्यांत आपल्यापैकीं कोण जाऊन बसलें होतें, हें आपलें आपण विचारावें. आम्ही स्वतः एका घरीं गेलों नव्हतों. जायचें ठरवलें होतें, पण त्या दिवशीं सभा होती. सभा काय, झाली असती नंतर. ती गोष्ट अजून मनांतून जात नाहीं.

दहा वाजत आले. वीज आल्याचें कोणीतरी मागून खुणावतो आहे. ज्यांना पाणी द्यायचें आहे त्यांनीं जावें, त्यांचें कायक थांबवूं नये.

राहिलेल्यांसाठीं दोन शब्द व्यवहाराचे. हळदीच्या काढणीची मजुरी यंदा माघ लागण्यापूर्वींच ठरवा, आणि ठरवतांना बायांना बैठकींत बोलवा, ओट्याखालीं उभें करूं नका. पुरुषाला जी रोजची मजुरी, तेवढ्याच कामाला तीच बाईला. यावर येथें मतें पडतील हें आम्हांला माहीत आहे, पण मतें पडूं द्या. दुसरें, सप्ताहाची वर्गणी गोळा होते तिचा हिशेब शेवटच्या दिवशीं काल्याआधीं मोठ्यानें वाचून दाखवावा. त्यांतून उरलेलें ज्या घरांत यंदा कांहींच पिकलें नाहीं तेथें जावें, आणि तें कोणाच्या हातून गेलें हें माइकवरून सांगूं नये.

सतरंज्या शाळेच्या आहेत, सकाळीं सातच्या आंत परत पोंचल्या पाहिजेत. गोळा करायला आणि मैदान झाडायला चार माणसें लागतील. बायांनीं थांबूं नये, त्यांची चूल पहाटेची आहे. पुरुषांपैकीं चौघांनीं थांबावें. खराटे हॉटेलवाल्याकडून मागून ठेवले आहेत, एक आमच्या हातांत आहे, तीन तेथें भिंतीशीं उभे आहेत.